विकत घेतलेली शिफारस

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणत्या चोरीत कोण सापडला, कोणत्या मारामारीत कोणाचं डोकं फुटलं, हे आज विचाराल तर मी चुकीचं सांगेन. एक प्रकरण मात्र जसंच्या तसं समोर येऊन उभं राहतं. ते खुनाचं नाही, दरोड्याचं नाही. त्यात कोणाला साधं खरचटलंही नाही. तरी मी पाहिलेल्या वाईट प्रकरणांत ते बरंच वर ठेवतो. यात मी कोणाचंही नाव लिहिणार नाही. का, ते पुढे वाचताना कळेलच.

मी तेव्हा गोंदिया जिल्ह्यात, तिरोड्याकडच्या भागात ठाणेदार होतो. शांत ठाणं. सकाळी हजेरी झाली, बीटवरचे लोक निघाले, की ठाणे अंमलदारासमोर नेहमीची गर्दी लागायची. कोणाची गुरं कोणाच्या धानात शिरली, कोणी कोणाचा बांध कोरला, कोणी पिऊन शिव्या दिल्या. अशा तक्रारींना माणसं हुरूप घेऊन येतात. एकमेकांच्या वरचढ आवाजात बोलतात. जो माणूस ठाण्यात येऊन कोपऱ्यातल्या बाकावर गप बसतो आणि आपली पाळी दुसऱ्याला देतो, त्याच्याकडे आधी बघावं, हे मी नव्या पोरांना नेहमी सांगायचो.

त्या दिवशी तसाच एक शेतकरी बसला होता. बोदलकसा तलावाच्या वाटेवरच्या गावातला, स्वतःची धानाची जमीन असलेला, खाऊनपिऊन सुखी माणूस. त्याच्यासोबत एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांना सगळा तालुका गुरुजी म्हणायचा, मीही तेच म्हणतो. ते त्यांच्या समाजाच्या मंडळाचे सचिव होते. दरवर्षी लग्नाळू मुलामुलींचा परिचय मेळावा भरवायचे, आणि मंडळाची वधूवरांची वेबसाइटही तेच चालवायचे. मी दोघांना आत बोलावलं. गुरुजींना खुर्ची दिली, चहा सांगितला.

बोलत होते ते गुरुजीच. तो शेतकरी, म्हणजे मुलीचा बाप, मान खाली घालून बसला होता. त्यानं दुपट्ट्यात गुंडाळलेला मोबाईल टेबलावर ठेवला. मोबाईल बंद होता. मी म्हटलं, सुरू करा. तो म्हणाला, "राहू द्या ना जी."

सुरू केला. चहा यायच्या आत वाजला. अनोळखी नंबर. मी उचलला आणि न बोलता कानाला लावला. पलीकडे हिंदी बोलणारा पुरुष होता. त्यानं या शेतकऱ्याच्या मुलीचं नाव घेऊन जे विचारलं ते मी इथं लिहू शकत नाही. मी फोन ठेवला. बाप माझ्याकडे बघत नव्हता, खिडकीकडे बघत होता.

हळूहळू तो सांगायला लागला. महिनाभर असे फोन येत होते. पहिल्यांदा त्याला वाटलं, पोरीला स्थळं येऊन राहिली. मेळावा होऊन गेला होता, परिचय पुस्तिकेत त्याचाच नंबर छापलेला होता, मग अनोळखी फोन येणारच. पलीकडचा माणूस विचारायचा, लडकी कैसी है, उमर क्या है. हा नीट उत्तर द्यायचा. पोरगी नर्सिंग शिकली, गोंदियाच्या खाजगी दवाखान्यात नोकरीला आहे, उंची अमुक, रंग गव्हाळ. वरून म्हणायचा, एकदा घरी या, पाहून जा.

"मीनं त्याहिले घरी बोलावलं जी," तो म्हणाला. "चहा घ्याले या म्हणलं."

एका माणसानं उघडच रेट विचारला, तेव्हा त्याला कळलं. तोवर पोरीचं लग्न जुळलंही होतं. साक्षगंधाची, म्हणजे आमच्याकडच्या साखरपुड्याची तारीख निघाली होती. मुलाच्या भावानं सहज म्हणून होणाऱ्या वहिनीचं नाव मोबाईलमध्ये टाकून पाहिलं. एक घाणेरडं पान उघडलं. वर उघड्या बायकांची चित्रं, खाली या मुलीचा साडीतला फोटो, नाव, गाव, उंची, आणि बापाचा नंबर. साक्षगंध मोडलं. निरोप फोनवरच आला.

मी विचारलं, कोणावर संशय? गुरुजींनी एका पोराचं नाव घेतलं. त्याच गावातला, वीज प्रकल्पात ठेकेदाराकडे वेल्डिंगच्या कामाला. त्याच्या घरच्यांनी या मुलीला मागणी घातली होती, ती नाकारली गेली होती.

"माझा विद्यार्थी आहे साहेब, मी ओळखतो त्याला," गुरुजी म्हणाले. "राग धरून बसणारा. त्याला आणा म्हणजे सगळं बाहेर पडेल."

फिर्याद घेतली. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकानंच करायचा असतो, म्हणून तपास माझ्याकडे राहिला. जिल्ह्याच्या सायबर शाखेतून एक महिला शिपाई मदतीला मागून घेतली. आधी तिला घेऊन मुलीच्या घरी गेलो, जबाब घरीच नोंदवला. मुलगी रडली नाही. दवाखान्यात काम करणाऱ्या मुली बोलायला स्पष्ट असतात, ही तशीच होती. फोटो मेळाव्यात स्टेजवर काढलेला आहे, एवढं तिनं लगेच सांगितलं. मागे लाल पडद्याचा तुकडा दिसत होता. पण मेळाव्यात शेकडो लोक बसलेले, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. तो पोरगाही तिथं होता, खुर्च्या मांडायला.

"तुला काय वाटतं, त्यानं केलं असेल?" मी विचारलं.

"मले नाही वाटत जी," ती म्हणाली. "पण मले कोनाबद्दलच काही वाटत नव्हतं. आता कोनाचं का सांगू?"

पोराला नोटीस देऊन बोलावलं. तो आला, फोन काढून दिला, पंचांसमोर पंचनामा करून फोन ताब्यात घेतला. महिला शिपायानं तपासला आणि मला बाहेर बोलावलं. तेच पान त्यानं फिर्यादीच्या बऱ्याच आधी उघडलं होतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. माझ्या हवालदाराला तेवढ्यानं प्रकरण संपल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं.

पण चौकशीला बसवल्यावर मला तो खटकायला लागला. ज्यानं काही केलेलं असतं तो गप बसतो तेव्हा तुमच्याकडे बघत असतो. तुम्हाला किती माहीत आहे याचा तो अंदाज घेतो. हा जमिनीकडे बघत होता. मी दरडावलं, मग समजावलं, मग हवालदाराला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं.

"ते पान तू आधी पाहिलं होतंस?"

"पाहिलं जी."

"कोणी दाखवलं?"

"कोनीच नाही. मीनंच नाव टाकून पाहिलं."

"कोणाचं नाव?"

तो अजून जमिनीकडेच बघत होता. मग म्हणाला, "बहिणीचं."

त्याच्या घरीही तसेच फोन येत होते. त्याची बहीणही मेळाव्यात स्टेजवर उभी राहिली होती. त्यानं तिचं नाव टाकलं, आणि त्याच पानावर ती सापडली. त्यानं बापाचं सिम काढून फेकलं, नवीन घेऊन दिलं, आणि घरात कोणाला काही सांगितलं नाही. पान निघालं का, हे रोज बघायचा.

"मग ठाण्यात का नाही आलास?" मी चिडून विचारलं.

"येऊन का करू साहेब? मी तुमाले दाखवलं असतं, तुमी शिपायाले दाखवलं असतं, मंग पंचाले. जितके जन पाहतीन तितकी तिचीच बदनामी होते ना."

"आणि या मुलीचा फोटो? तोही दिसला असेल."

"दिसला जी. तिच्याच खाली होता."

"तिच्या घरी तरी सांगायचं."

त्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "मले नाही म्हणलं होतं त्या घरानं. मी जाऊन सांगतलं असतं त म्हणले असते, यानंच टाकला. तुमी आता तेच म्हणून राहिले ना?"

मी दार उघडलं. महिला शिपायाला बोलावलं आणि म्हटलं, आपण फिर्यादीतल्या मुलीचाच फोटो बघत बसलोय, बाकीच्या मुली बघ. ती दुपार आम्ही दोघं तेच करत बसलो. एकामागून एक मुली, सगळ्यांच्या मागे तोच लाल पडदा. कोणाची उंची, कोणाचं शिक्षण, कोणाच्या मामाचं कूळ, सगळं परिचय पुस्तिकेत असतं तसंच, त्याच क्रमानं. हे रागानं केलेलं काम नव्हतं. रागावलेला माणूस एका मुलीमागे लागतो. इथं अख्खी पुस्तिकाच उचलून ठेवली होती. आणि ठाण्यात तक्रार एकाच बापानं दिली होती. बाकीच्या घरांतही फोन वाजत असणारच. ती सगळी घरं सिम बदलून गप बसली होती.

मग त्या महिला शिपायानं मला आणखी एक गोष्ट दाखवली. प्रत्येक पानाच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, समाजातल्या उत्तम स्थळांसाठी इथं भेट द्या. त्या ओळीवर बोट ठेवलं की गुरुजींच्या मंडळाची वेबसाइट उघडायची. अशा घाणीत राहून कोणी मंडळाची शिफारस का करेल? मला कळेना. तिला लगेच कळलं.

"सर, हे विकत घेतलेलं आहे," ती म्हणाली.

तिनं मला समजावलं तसंच मी इथं सांगतो. आपण मोबाईलवर काही शोधतो तेव्हा कोणती वेबसाइट वर दाखवायची, हे शोधणारं यंत्र बऱ्याच गोष्टींवरून ठरवतं. त्यातली एक गोष्ट अशी, की दुसऱ्या किती वेबसाइट या वेबसाइटकडे बोट दाखवतात. आपल्याकडे स्थळ पाहताना शेजारीपाजारी विचारतात ना, घर कसं आहे म्हणून, तसंच ते. चार घरांनी चांगलं म्हटलं की स्थळ चांगलं. आता कोणी त्या चार घरांना पैसे देऊन चांगलं म्हणवून घेतलं, तर? असा धंदा करणारे लोक आहेत. ते असली बोटं, म्हणजे लिंका, घाऊक विकतात.

गुरुजींना मी निरोप देऊन बोलावलं. आले. पुन्हा खुर्ची, पुन्हा चहा. पोरानं कबूल केलं का, हे त्यांनी आल्याआल्या विचारलं. मी त्यांच्यासमोर ती बारीक ओळ ठेवली.

"कोणीतरी आमच्या मंडळाला बदनाम करतंय," ते म्हणाले.

गुरुजींची एक सवय सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. कोणत्याही लग्नात पंगत बसली की ते शेजारच्याला मोबाईल काढायला लावायचे. आपल्या समाजाचं नाव टाक, पुढे वधूवर टाक, बघ वर कोण येतं. त्यांचीच वेबसाइट पहिली यायची आणि ते खुशीत वरण ओरपायचे. एका लग्नात मी स्वतः हे पाहिलं होतं. मी म्हटलं, "गुरुजी, मोबाईल काढा. समाजाचं नाव टाका."

त्यांनी मोबाईल काढला नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "आता नाही येत वर. कुठेच येत नाही."

मग सगळं बाहेर पडलं. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका मंडळानं वेबसाइट काढली होती आणि ती गुरुजींच्या वर दिसायला लागली होती. गुरुजींना ते सहन होईना. अशातच एका परक्या शहरातून फोन आला. हिंदीत गोड बोलणारा तरुण. गुरुजी, आपकी साइट सबसे ऊपर ला दूँगा. गुरुजींनी वर्गणीच्या पैशातून त्याला पैसे दिले. मंडळाला सांगितलं, प्रचाराचा खर्च. त्या तरुणानं आणखी एक गोष्ट मागितली. नुसती लिंक टाकली तर यंत्राला संशय येतो, म्हणाला, भोवती काहीतरी खरा मजकूर लागतो. काही आहे का?

गुरुजींनी परिचय पुस्तिका पाठवून दिली. नंबरांसकट, आणि सोबत मंडळानं स्टेजवर काढलेले मुलींचे फोटो.

इथं गुरुजींची बाजू मला सांगितली पाहिजे. परिचय पुस्तिका ही लपवायची वस्तू नाहीच. ती घरोघर जाते, बसमध्ये उघडून वाचली जाते, ढाब्यावर मामा भाच्याला दाखवतो. जितक्या हातांतून फिरेल तितकी चांगली. मुलीची माहिती लोकांपर्यंत पोचवणं हे त्या माणसानं आयुष्यभर पुण्याचं काम म्हणून केलं होतं. पुस्तिका देताना त्यांच्या मनात पाप नव्हतं, यावर मी आजही विश्वास ठेवतो. ती ज्या हातांत जाते ते हात ओळखीचे असतात, एवढंच त्यांनी कधी ध्यानात घेतलं नव्हतं.

काही दिवस वेबसाइट खरंच वर आली. मग शोधणाऱ्या यंत्राला लबाडी कळली असावी, कारण एके दिवशी ती पार खाली गेली. आधी दुसरी तरी दिसायची, आता शोधून सापडेना. गुरुजींनी त्या तरुणाला लिंका काढायला सांगितलं. तो म्हणाला, काढायचे वेगळे पैसे. गुरुजींनी दिले नाहीत.

"गुरुजी," मी विचारलं, "ही घाणेरडी पानं तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिली?"

त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"त्या मुलीचं साक्षगंध मोडायच्या आधी की नंतर?"

"आधी," ते म्हणाले.

"मग त्या दिवशी इथं बसून त्या पोराचं नाव का घेतलंत?"

"साहेब, मंडळ माझ्या हातानं उभं राहिलंय. चाळीस गावं विश्वास ठेवतात. मला वाटलं, चार दिवसांत निघतील ती पानं. समाजातलं कोण तिथवर जाणार? मग मुलीचे वडील फोन घेऊन आले. माझ्याकडेच आले आधी. मी काय सांगणार होतो?"

मी उठून बाहेर गेलो. आवारात जप्त केलेल्या मोटारसायकली गंजत उभ्या असतात, तिथं जाऊन उभा राहिलो. चोर, दारुडे, बायकोला मारणारे, सगळ्यांसमोर मी डोकं शांत ठेवून बसलोय. त्या दिवशी मला त्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर हात टाकावासा वाटला. स्वतः चूक केली, कळलं, आणि ती झाकायला दुसऱ्याच्या तरण्याताठ्या पोराला पुढे केलं. तोही स्वतःच्याच शाळेत शिकलेला.

मुलीच्या बापाला बोलावून मी गुरुजींसमोरच सगळं सांगितलं. सांगणं भाग होतं, जबाब पुढे कागदावर येणारच होता. तो ओरडेल, अंगावर जाईल, म्हणून हवालदाराला जवळ उभं केलं होतं. तसं काही झालं नाही. तो गुरुजींकडे बघत राहिला आणि मग फक्त एवढंच विचारलं, "गुरुजी, त्या दिवशी तुमी माझ्याच गाडीवर मांगं बसून ठान्यात आलते ना जी?"

गुरुजींनी मान हलवली.

लिंका विकणाऱ्याला आमच्या पथकानं दुसऱ्या राज्यातून आणला. पोरसवदाच होता, एका फ्लॅटमध्ये चार लॅपटॉप मांडून बसायचा. चांगल्या घरचा, शिकलेला. सतत पाणी मागत होता.

"सर, लिंक बेचना कोई जुर्म है क्या?" तो मला म्हणाला. "सब बेचते हैं. बड़ी-बड़ी कंपनियाँ लेती हैं."

त्याचा धंदा असा. लोकांनी सोडून दिलेली वेबसाइटची नावं तो स्वस्तात घ्यायचा. जुन्या नावाला यंत्र मान देतं. ज्या नावावर आमच्या मुली सापडल्या ते नाव आधी लहान मुलांच्या कोण्या डॉक्टरचं होतं. त्यात मिळेल तो मजकूर ओतायचा आणि खाली गिऱ्हाइकाची लिंक चिकटवायची. गिऱ्हाईक पैसे देईनासं झालं, की ते नाव मजकुरासकट दुसऱ्याला विकून टाकायचा. गुरुजींनी पैसे नाकारले, त्यानं विकलं. घेणाऱ्यानं वर घाणेरडी चित्रं टाकली. मुलींचे फोटो आणि नंबर त्याला आयतेच मिळाले.

"फोटो तरी काढून विकायचे होतेस," मी म्हटलं.

"सर, कौन देखता है?" तो म्हणाला. मला वाटतं, तो खरंच बोलत होता. त्यानं ते फोटो एकदाही नीट पाहिले नव्हते.

विकत घेणारा कुठल्या तरी परदेशातल्या पत्त्यामागे निघाला आणि तिथं आमचे हात संपले. पत्रं लिहिली, उत्तरं आली नाहीत. विकणाऱ्यावर दोषारोपपत्र दाखल केलं. त्याला जामीन मिळाला. तारखा पडत राहिल्या, मी निवृत्त होईपर्यंत पडतच होत्या. मंडळ बरखास्त झालं. गुरुजींनी जबाब नीट दिला, एक शब्द फिरवला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगतो. त्यानंतर ते कोणाच्या लग्नात दिसले नाहीत. तो वेल्डिंगवाला पोरगा बहिणीला घेऊन नागपूरला निघून गेला. जाताना ठाण्यात आपला फोन परत न्यायला आला होता. मी बस म्हटलं, तो बसला नाही.

ती पानं आम्ही वेबसाइटला जागा देणाऱ्या कंपनीला लिहून उतरवून घेतली. महिनाभरानं दुसऱ्याच नावावर तेच फोटो निघाले. तीही उतरवली. महिला शिपाई मला म्हणाली, "सर, आपण उतरवायच्या आधी कोणीतरी उचलून ठेवलेलं असतं." त्यानंतर, पानं पुन्हा निघाली का, हे मी तिला रोज विचारणं बंद केलं.

साक्षगंध मोडणाऱ्या मुलाकडच्यांकडे मी स्वतः गेलो होतो, साध्या कपड्यात. मुलीचा काही दोष नाही, हे पोलीस अधिकाऱ्याच्या तोंडून कळावं म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं, नाश्ता दिला. मुलाचा बाप शहाणा माणूस होता. म्हणाला, "आमाले पटलं साहेब. पोरगी चांगलीच आहे. पन उद्या कोनी नाव टाकून पाहीन, त्याले तुमी सांगाले येनार आहा का?" मी चहा अर्धा ठेवून उठलो.

मुलीनं दवाखाना सोडला. पेशंटचे नातेवाईक नर्सचं नाव विचारतात, छातीवर पाटी असते, मग मोबाईलमध्ये टाकून बघतात. दोनदा तसं झालं. तिसऱ्यांदा व्हायची तिनं वाट पाहिली नाही.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. दुकानदार, डॉक्टर, मंगल कार्यालयवाले, सगळ्यांना हल्ली तसे गोड फोन येतात. त्यांना मी एवढंच सांगतो. जो तुम्हाला ओळखत नाही त्याच्याकडून तुम्ही चांगला शब्द विकत घेता, तेव्हा तो शब्द आणखी कोणाकोणाला विकणार हे तुमच्या हातात राहत नाही. आणि तो परत घेता येत नाही. गुरुजी वर्गणीचे पैसे देऊन वर चढायला गेले, आणि ज्यांच्या नावावर चढायचं होतं त्या मुली खाली गेल्या. दुसरी गोष्ट पोलिसांसाठी. गुन्हा कोणी केला एवढं शोधून आपण थांबतो, कारण आपल्याला तेवढंच शिकवलेलं असतं. इथं ज्यानं त्यानं थोडं थोडं केलं होतं. गुरुजींनी दिलं, लिंका विकणाऱ्यानं विकलं, कोणीतरी टाकलं, घराघरांनी लपवलं, आणि भोगलं मुलींनी. अशा प्रकरणाला आपल्या फायलीत रकाना नाही.

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी ते बापलेक ठाण्यात आले होते. तिला दूरच्या राज्यात दवाखान्यात नोकरी मिळाली होती, चारित्र्य पडताळणी हवी होती. तिनं राजपत्रात छापून नाव बदलून घेतलं होतं. ठाणे अंमलदारानं विचारलं, नाव? तिनं नवीन नाव सांगितलं, स्वच्छ, न अडखळता. आधीचं नाव? तिनं बापाकडे पाहिलं. त्यानं ते सांगितलं, आणि अंमलदारानं लिहून घेतलं.

काम झाल्यावर ती पुढे गेटाकडे निघाली. बाप माझ्याजवळ व्हरांड्यात थांबला.

"पोरगी सुखरूप आहे जी," तो म्हणाला. "पन ते नाव मीनंच ठेवलं होतं. बारशाच्या दिवशी बायकाहिले दुसरंच पायजे होतं, मी ऐकलो नाही."

तेवढ्यात त्याचं लक्ष बाकाकडे गेलं. ती कागदांची पिशवी तिथंच विसरून गेली होती. तो वळला, तिला हाक मारायला त्यानं तोंड उघडलं, आणि तसाच राहिला. मग पिशवी उचलली आणि तिच्यामागे गेटापर्यंत चालत गेला.